जास्वंदीला लावलेलं कुलूप

मंडळी, सकाळपासून मनाला चैन नाही, म्हणून लिहिते आहे.

परंड्यात आमच्या दारात तांबडी जास्वंद आहे. शेजारच्या काकू रोज पहाटे पूजेसाठी चार फुलं न्यायच्या. दोन महिन्यांपूर्वी मी त्यांना म्हणाले, "काकू, विचारून तरी न्यावीत." एवढ्यावर न थांबता फाटकाला कुलूपही लावलं. काकू पुन्हा आल्या नाहीत.

आज पाहिलं, तर झाडभर पिठासारखी पांढरी कीड आणि खाली गळलेल्या कळ्यांचा सडा. काय करावं कळेना. शेवटी ओशाळून काकूंनाच बोलावलं. त्यांनी पानं उलटून पाहिली.

"म्या रोज पानं पुसत व्हते की गं. फुलं फुकट कशी न्यायची?"

मला मात्र त्यांनी तोडलेली फुलंच तेवढी दिसत होती.

साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून त्यांनी तासभर पानं पुसली. झाडावर एकच फूल होतं. ते तोडून मी त्यांच्यापुढं धरलं.

"ऱ्हाऊ दे. तुझं झाड हाय."

कुलूप काढून टाकलंय. पण उद्या पहाटे त्या येतील का? तुम्ही कुणाला असं बोलून बसला असाल, तर पुढं काय केलंत?