पाल्हाळकाकांचा निरोप

ऑफिसात सगळे त्यांना पाल्हाळकाका म्हणत. पाणी मागा, ते विहिरीपासून सुरुवात करत. सॉफ्टवेअरचे भाग जोडताना काही अडलं की स्क्रीनवर पूर्वी एवढंच यायचं: ‘पॅकेज जुळत नाही.’ कोणतं, कोणाशी, देव जाणे! तो निरोप काकांनी नव्यानं लिहिला.

नव्या मुलीची नोकरी कायम होणार की नाही, हे एका दुपारी तिचं काम पाहून ठरायचं होतं. साहेब दारात, आणि जोडणी अडली! ती रडकुंडीला आली, तोच स्क्रीनवर उमटलं: ‘छपाईच्या भागाला फाँटचं जुनं पॅकेज लागतं, तुम्ही नवं आणलंत. जुनं घाला, भांडण मिटेल.’ तिनं घातलं. नोकरी पक्की झाली.

“काका, तुमच्यामुळे वाचले हो!”

काकांचा चेहरा उजळला. “अगं, म्हणजे तू शेवटपर्यंत वाचलंस?”