सैन्य नसलेला देश
व्हॅनिला घातलेला चहा उकळायला लागला, की मला पार्ल्याची आमची गॅलरी आठवते. मला बघायला आलेला मुलगा मॉरिशसचा, काही पिढ्यांमागे कोकणातून तिकडे गेलेल्या घरातला, आणि तो चहा त्यानेच भेट म्हणून आणलेला. कांदेपोहे झाल्यावर ‘जरा मोकळेपणानं बोला’ म्हणत आम्हा दोघांना गॅलरीत ढकललं. समोर ग्रिल, डोक्यावर वाळत टाकलेले ओले टॉवेल, आणि अर्धवट लोटलेल्या दारामागे दोन्हीकडची माणसं कान लावून बसलेली. मला हे लग्न नको होतं, पण तिथे ते म्हणणार कसं? म्हणून सुचेल ते विचारलं, “तुमच्याकडे सैन्य केवढं आहे?” “सैन्य नाहीच,” तो म्हणाला. “पोलीसच आहेत. त्यांतलेच काही जण बंदुका घेऊन छावणीत राहतात, काही बोटींवर. थोडी वर्षं झाली की परत चौकीत.” “आणि कुणी हल्ला केला तर?” “बेट आहे. पळणार कुठे?” मग ग्रिल घट्ट धरून तो इंग्रजांच्या वेळच्या पलटणी, त्या का गेल्या, आता हुकूम कुणाचा चालतो, सगळं सांगत राहिला आणि मधेमधे दाराकडे बघत राहिला, माझ्यासारखाच. तेव्हा कळलं, नको म्हणणं त्यालाही जमत नव्हतं. आत आलो तर आई पेढे काढत होती. “इतका वेळ बोलत होते, म्हणजे जमलंच की,” ती त्याच्या आईला म्हणाली. आता तो चहा रोज मीच उकळते, त्याच बेटावर. वास आला की मला आधी ग्रिल दिसतं, मग समुद्र.