अकरा वाजताची सही

ती घटना माझ्या नोकरीतली नाही, तरी आजही आठवली की दिवस वाया जातो. चौतीस वर्षं मी महाराष्ट्र पोलीस दलात काढली, त्यातली बरीचशी सातारा-सांगली भागात. खून पाहिले, दरोडे पाहिले, घरातल्यांनीच घरात केलेल्या चोऱ्या पाहिल्या. पण कोणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटलं की मनात आधी येते ती निवृत्तीनंतरची, परदेशातली. तिच्यात गुन्हा दाखल झाला नाही, आरोपी ठरला नाही, आणि कागद पाहिले तर काही घडलेलंच नाही. नावं मी कोणाचीच सांगणार नाही.

माझी मुलगी आणि जावई आयर्लंडमध्ये, नासच्या बाजूला, वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. २०२०च्या फेब्रुवारीत मी आणि माझी पत्नी तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो आणि विमानं बंद झाल्यामुळे दीड वर्ष तिथेच राहिलो. कारखाना अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे दोघांच्या पाळ्या चालूच होत्या. स्वयंपाकघर पत्नीने ताब्यात घेतलं. माझ्याकडे एकच ड्युटी आली, सहा वर्षांच्या नातीला शाळेत सोडायचं आणि आणायचं.

नात स्वमग्न आहे. बोलते छान, पण तिथल्या हेलाच्या इंग्रजीत; मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. चित्रं काढायला बसली की तासभर मान वर करत नाही. फक्त गोंगाट झाला की कानांवर हात ठेवून टेबलाखाली जाऊन बसते. तिच्यासाठी सरकारने वर्गात एक मदतनीस बाई मंजूर केल्या होत्या.

सप्टेंबरात शाळा उघडल्या तेव्हा गर्दी टाळण्यासाठी प्रत्येक वर्गाची येण्याजाण्याची वेळ वेगळी ठेवली होती. पहिले काही दिवस मुलीनेच तिची ने-आण केली, मग एके दिवशी म्हणाली, “बाबा, उद्यापासून तुम्ही जा. तिला अकराला आणायचं.” मी रोज अकराला पाच कमी असताना गेटवर हजर. कार्यालयाच्या खिडकीतून सचिव बाई क्लिपबोर्डला लावलेला कागद पुढे करायच्या, हात लांब ठेवून मी माझ्या पेनने सही करायचो, मग नात कोट घालून बाहेर यायची. आपल्याकडे जप्त केलेली सायकल परत देतानाही सही घेतात, हे तर मूल. मला ती पद्धत फार आवडली. ‘शिस्त म्हणजे काय ते यांच्याकडून शिकावं,’ असं मी पत्नीला ऐकवलंही.

अकरा वाजता त्या गेटवर माझ्याशिवाय दुसरा एकही पालक नसायचा. नवखा शिपाईसुद्धा यावर थबकला असता. मी दीड महिना थबकलो नाही. कोरोनाचं नाव घेतलं की त्या वर्षी माणूस काहीही मान्य करायचा.

खबर मिळाली ती दुकानाबाहेरच्या रांगेत. शनिवार होता, दोन-दोन मीटरवर माणसं उभी होती आणि माझ्या पुढे नेमक्या त्या मदतनीस बाई होत्या. पन्नाशीच्या, जाड स्वेटर घातलेल्या. मला ओळखून हसल्या आणि मग खबरी माणूस जसं दुसरीकडे बघत बोलतो तसं रस्त्याकडे बघत इंग्रजीत म्हणाल्या, “तिला इतक्या लवकर का नेता हो? चित्रकला अकरानंतर असते. वर्ग दीडपर्यंत चालतो.”

मी म्हटलं, “सगळ्या वर्गाला अकरालाच सोडता ना?”

“नाही. फक्त तिला. तुमच्या घरूनच तशी विनंती आहे असं आम्हाला सांगितलंय. ती गेली की मला दुसऱ्या वर्गात पाठवतात, तिथे माणूस कमी आहे.” मग मास्क वर ओढून म्हणाल्या, “हे मी बोलले नाही, बरं का.”

घरी आलो. चौकशी करायची तर ती पोटच्या मुलीची, हे मला नवीन होतं. आम्हा पोलिसांत एक रीत होती. समोरचा काही दडवत असेल तर प्रश्न विचारायचा नाही, चहा मागवायचा आणि गप्प बसायचं. मी चहा केला आणि टेबलाशी बसलो. ती धुतलेली भांडी प्रेसमध्ये लावत होती. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. दोन-तीन मिनिटांत तिने हातातली ताटली खाली ठेवली.

“काय झालं, बाबा? असे काय बसलाय?”

“तिचा वर्ग दीडपर्यंत असतो.”

ती माझ्याकडे बघेना. “प्रिन्सिपलचा फोन आला होता सप्टेंबरमध्ये. तिचा एक दिवस खूप वाईट गेला म्हणे, किंचाळली वगैरे. तर सेटल होईपर्यंत शॉर्ट डे ठेवूया, दोन आठवडे, चालेल ना? मी म्हटलं, ग्रँड, नो प्रॉब्लेम.”

“लेखी काही?”

“नाही.”

“दोन आठवडे होऊन महिना झाला. विचारलंस?”

“बाबा, हिच्या ॲडमिशनसाठी किती शाळांनी नाही म्हटलंय, माहितीये तुम्हाला? या एकीने घेतली. त्या इतक्या गोड बोलतात ना, की आपणच त्यांना त्रास देतोय असं वाटतं.” मग म्हणाली, “प्लांटमध्ये एक स्क्रू बदलला तरी मी चार जणांच्या सह्या घेते. आणि स्वतःच्या मुलीचा अर्धा दिवस मी फोनवर देऊन टाकला.”

मी तिच्यावर चिडलो होतो, पण ते वाक्य ऐकल्यावर चिडायला जागा उरली नाही. तिला वाढवताना ‘बाईंना उलट बोलायचं नाही’ हे मीच शिकवलं होतं.

मुख्याध्यापिकेशी आमचं व्हिडिओवर बोलणं झालं. मी आयुष्यात सराईत लोकांचे जबाब घेतले आहेत, पण त्या बाईंइतका सज्जन माणूस समोर बसलेला पाहिला नाही. त्यांना नातीबद्दल खरंच माया होती, असं मला आजही वाटतं. त्या म्हणाल्या, मुलीची तयारी झाली की वेळ वाढवू. कधी, असं मी विचारलं. “तिची ती सांगेल,” असं उत्तर आलं. वेळ कोणी कमी केली, या प्रश्नावर त्या शांतपणे म्हणाल्या, “कुटुंबाच्या विनंतीवरून. तुम्हीच रोज सही करता ना?”

आपल्या मुलाबद्दलचे शाळेतले कागद मागण्याचा पालकांना तिथे हक्क आहे. जावयाने अर्ज केला. महिन्याभराने जाड पाकीट आलं आणि तपासात ज्याला धागा सापडणं म्हणतात तो सापडला.

हजेरीपट सकाळी दहाला भरला जात होता. त्यात नातीची एकही सुट्टी नाही, प्रत्येक दिवशी पूर्ण हजर. सरकारच्या दृष्टीने ती दीडपर्यंत वर्गात बसून शिकत होती आणि तिची मदतनीस तिच्या शेजारी होती. मागे क्लिपबोर्डच्या कागदांच्या प्रती होत्या. तारीख, वेळ, मुलाचं नाव, आणि चौथ्या रकान्यात लवकर नेण्याचं कारण. त्या रकान्यात रोज एकाच हस्ताक्षरात लिहिलं होतं, ‘कुटुंबाची विनंती’. त्यापुढे सही. मराठीत, शेवटी खाली रेघ ओढलेली, माझी.

आमच्याकडे पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित पंच लागतात. प्रत्यक्षात ठाण्यासमोरचा चहावाला आणि झेरॉक्सवाला ठरलेले असतात. मी त्यांना हाक मारायचो, ते हात पुसत यायचे आणि मी बोट ठेवीन तिथे सही करून जायचे. कधी मजकूर लिहून झालेला असायचा, कधी नसायचा. वाचायचंय का, असं मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी मागितलं नाही. साहेबांच्या मनात काही वाईट नसणार, हा त्यांचा विश्वास. माझ्या मनात बहुतेक वेळा नसायचंही. ते कागद हातात घेऊन मी नासमधल्या त्या स्वयंपाकघरात बसलो आणि माझ्या सह्या एकेक करून मोजल्या.

तरी तक्रार केली. आपल्या अनुदानित शाळांसारखंच तिथेही आहे. शिक्षकांचे पगार सरकारचे आणि शाळा एका संस्थेची, तिने नेमलेल्या व्यवस्थापन मंडळाची. मंडळाकडे पहिला अर्ज गेला. मंडळात मुख्याध्यापिका स्वतः सदस्य. संस्थेने कळवलं की मंडळ स्वतंत्र आहे, ढवळाढवळ करता येणार नाही. शिक्षण खात्यात जावयाने फोन लावला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. पलीकडचे गृहस्थ अत्यंत नम्र. त्यांना सगळं समजत होतं, वाईटही वाटत होतं, पण शाळा खातं चालवत नाही, एकेका मुलाच्या तक्रारीची चौकशी खातं करत नाही, आणि मुलाची वेळ कमी केली तर खात्याला कळवण्याची सक्ती नाही. मग आम्ही कुठे जायचं, असं जावयाने विचारलं. ते म्हणाले, मंडळाकडे. मुलांच्या हक्कांसाठी एक मोठं कार्यालय आहे, त्यांनी आधी मंडळाकडची प्रक्रिया पूर्ण करून या म्हटलं. मंडळाने तीन महिने उत्तरच दिलं नाही.

त्या नम्र गृहस्थाचा मला राग यायला हवा होता. पण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. ‘हा विषय दखलपात्र नाही, कोर्टात दाद मागा,’ हे मी याच आवाजात, समोर पाण्याचा पेला ठेवून, किती जणांना सांगितलं असेल.

जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या, मार्चमध्ये उघडल्या. नातीचे तेच दोन तास, नऊ ते अकरा. दरम्यान शिक्षण खात्याचे एक निरीक्षकही शाळेत येऊन गेले आणि नोंदी व्यवस्थित असल्याचं सांगून गेले. व्यवस्थित होत्याच.

एका सकाळी मी ठरवलं, सही करायची नाही. सचिव बाईंनी कागद पुढे केला, मी हात मागे बांधून उभा राहिलो. त्या गोंधळल्या. सहीशिवाय मूल देता येत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मग वर्गात परत पाठवा. तोवर नात काचेच्या दारामागे कोट घालून, दप्तर लावून येऊन उभी राहिली होती. काही मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. तिने कानांवर हात ठेवले. आवाज कसलाच नव्हता. मी सही केली.

गाडीत ती म्हणाली, “आजोबा, वॉज आय बोल्ड?” तिकडे वात्रट मुलाला बोल्ड म्हणतात.

“नाही गं, सोन्या. तू काही केलं नाहीस.”

“देन व्हाय डू आय गो होम?”

तिला खरं उत्तर देऊ शकेल असा एकही माणूस त्या देशात मला भेटला नाही, आणि मीही दिलं नाही.

एप्रिलच्या शेवटी मंडळाचं पत्र आलं. तक्रारीत तथ्य आढळलं नाही, आजोबांच्या सह्या जोडल्या आहेत. शेवटच्या परिच्छेदात होतं की कुटुंब आणि शाळा यांच्यातला विश्वास कमी झाल्याचं मंडळाला दुःख आहे, आणि पुढच्या वर्षी ही शाळा मुलीसाठी योग्य आहे का याचा सर्वांनी मिळून विचार करावा. धमकी इतक्या सभ्य भाषेत लिहिता येते हे मला माहीत नव्हतं. मुलीने आसपासच्या शाळांत फोन लावले. कुठेही जागा नव्हती. तासभर लांब, मलिंगारच्या बाजूच्या एका शाळेने प्रतीक्षायादीत नाव घालतो म्हटलं, पण तिथे रोज नेणार कोण?

मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. “बाबा, आपण मागे घेऊ. हे लोक तिला काढतील.”

मी ‘लढू’ म्हणालो नाही. मुलांच्या हक्कांचं ते मोठं कार्यालय आता अर्ज घेईल, हे मला माहीत होतं. त्यांचं उत्तर यायला किती महिने लागतील आणि तोवर नात कुठे असेल, हेही माहीत होतं.

“कसं लिहायचं पण? माफी मागायची का?” तिने विचारलं.

ते मात्र मला पाठ होतं. नोकरीत असे शेकडो जबाब मी स्वतः सांगून लिहून घेतले होते. गैरसमजातून अर्ज केला होता. आता समाधान झालं आहे. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. हा जबाब स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता देत आहे. मी सांगत गेलो, ती इंग्रजीत टाइप करत गेली.

या केसने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर सांगतो. ठाण्यात अर्ज देऊन गेलेला माणूस परत आला नाही की आम्ही शेरा मारायचो, ‘तक्रारदार पुढे आला नाही, स्वारस्य दिसत नाही’, आणि अर्ज निकाली काढायचो. अशा तक्रारदारांचं कोणीतरी, ज्याच्याविरुद्ध अर्ज केला त्याच्याच हातात असेल, म्हातारी आई दवाखान्यात, मुलगा वसतिगृहात, ही शंका मला चौतीस वर्षांत एकदाही आली नाही. त्यांना शोधून आता काय सांगणार? बरेचसे हयातही नसतील.

जूनमध्ये, शाळा संपायला तीन आठवडे असताना, नातीची वेळ अर्ध्या तासाने वाढवून मिळाली. आता चित्रकलेला बसायला मिळायचं. ती इतकी खूश झाली की मुलीने मुख्याध्यापिकेला आभाराचं पत्र लिहिलं. माझ्यापुढे धरून म्हणाली, “बाबा, तुम्हीपण करा सही.” मी ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली.