हिरवळीवरच्या चार सकाळी

सुट्टीला निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाने आप्पांच्या खोलीत येऊन दार लोटलं. "आप्पा, तिथे माळीकामाचा विषय काढायचा नाही. मी सासऱ्यांना सांगितलंय, तुम्ही उद्यान खात्यात साहेब होतात म्हणून. चार दिवस तेवढं सांभाळा."

सार्वजनिक बागेत तेहेतीस वर्षं माळीकाम केलेल्या आप्पांनी मान डोलावली. मुलाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि व्याह्यांनी त्यांना बरोबर चला म्हणण्याची ही पहिलीच वेळ. आपल्यापायी पोराला मान खाली घालावी लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं. रात्री ते तासभर ब्रशने नखं घासत बसले. मुरलेली माती ती, निघते थोडीच!

हॉटेलच्या मागेच गोल्फचं मैदान होतं. व्याह्यांनी मुलगा, सून, आप्पा आणि स्वतः अशा चौघांसाठी शिकवणी ठरवून ठेवली होती. रोज सकाळी एक तास. शिकवणारे मास्तर वयस्क होते, शांत होते. त्यांनी काठी कशी धरायची ते दाखवलं आणि म्हणाले, "चेंडूला लागून काठी पुढे जमिनीत घुसली पाहिजे. गवत उपटलं तर उपटू द्या."

इथेच सगळं अडलं. हिरवळीवर पाय ठेवला म्हणून ज्यांनी उभा जन्म लोकांवर शिट्ट्या फुंकल्या, त्यांना हे कसं जमावं? आप्पांची काठी दर वेळी चेंडूच्या चार बोटं वरून जायची. "साहेब, माशा हाकलताय की काय?" व्याही ओरडले. सून खुदकन हसली. मुलगा सगळ्यांत मोठ्याने हसला.

व्याह्यांचा हात मात्र दणकट. त्यांच्या प्रत्येक फटक्याला तळहाताएवढं गवत उडायचं आणि मुळं वर करून पडायचं. दोन सकाळी आप्पांनी तिकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. ही मुळं तासाभरात सुकणार, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? बाकीचे सरबत प्यायला छपराखाली गेले आणि आप्पांना राहवलं नाही. ते गुडघ्यांवर बसले. बोटांनी माती मोकळी केली, पात्यांचा कल बघून एकेक तुकडा जागेवर बसवला, टाचेने दाबला, बाटलीतलं पाणी शिंपडलं. चार दिवसांच्या त्या सुट्टीत त्यांना सुख लाभलं ते एवढंच.

मान वर केली तर समोर व्याही, हातात मोबाइल. "चालू द्या, चालू द्या. छान दिसतंय."

आप्पांनी मातीचे हात घाईघाईने मागे लपवले. तेवढ्यात मास्तरही आले, खाली वाकले आणि भल्या मनाने बोलून गेले, "सांधा दिसतसुद्धा नाही हो! माळी होतात का तुम्ही?"

"छे, छे! मी ऑफिसात असायचो. कामगारांना करताना बघितलंय, तेवढंच," आप्पा म्हणाले. तेहेतीस वर्षं त्यांनी एका दमात नाकारली, आणि पोराची अब्रू राहिली म्हणून त्यांना बरंही वाटलं.

चौथ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर तो व्हिडिओ लागला. सून हसून हसून बेजार झाली. "आप्पा, बाबा लग्नाआधीच तुमच्या बागेत येऊन तुम्हाला बघून गेले होते. खाकी कपडे, हातात पाण्याचा पाइप! तुम्ही किती दिवस साहेब राहता, यावर आमची पैज होती. बाबा म्हणाले तीन दिवस, मी म्हणाले एकच."

आप्पांनी मुलाकडे पाहिलं. तो पावाला लोणी लावत होता.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून. अहो आप्पा, गंमत असते. मनाला काय लावून घेता?"

म्हणजे दार लोटून सांगितलं होतं, तीही गंमतच. आप्पांनी हातातला घास बशीत ठेवला.

"पण गुण आहे हो तुमच्या हाताला," व्याही म्हणाले. "आमच्या बंगल्यापुढचं लॉन पिवळं पडलंय. येऊन बघाल का?"

"बघतील की," मुलगा म्हणाला. "हल्ली त्यांना काय काम असतं?"

आप्पा "येतो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

नंतर सगळे मैदानावर गेले. शेवटचा दिवस होता. आप्पांनी काठी उचलली, दात आवळले आणि सगळं बळ लावून खाली आणली. चेंडू दूर गेला. त्याच्यामागे थाळीएवढी हिरवळ मातीसकट उडाली आणि मुळं वर करून उन्हात पडली.

"शाब्बास! आता जमलं!" मास्तर म्हणाले. मुलाने टाळ्या वाजवल्या.

आप्पांनी त्या तुकड्याकडे एकदा पाहिलं. मग पाय उचलून त्याच्यावरून पलीकडे गेले आणि दुसरा चेंडू मागितला.