दारावरचा त्रिकोण

आश्विनात लोणावळ्याच्या हवेला एक कोरडा, गोडसर वास येतो. पावसाळाभर ओल धरून बसलेल्या भिंती ऊन पिऊ लागतात, उतारावरचं गवत पिवळसर होतं, सोनकीची पिवळी फुलं अजून इथेतिथे तगून असतात, आणि दुपारी वारा पडला की खालच्या खाचरांतून पिकू लागलेल्या भाताचा गंध हलकेच वर सरकतो. आणीबाणी उठल्यानंतरच्या पहिल्या आश्विनात मात्र या सगळ्या वासांवर रॉकेलचा वास चढला होता. तापलेल्या पत्र्यावर रॉकेलचा बोळा फिरवला की जो उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा दर्प उठतो, तो आजही कुठे आला तर मी तिथून उठून जाते. इतकी वर्षं लोटली, मनाची समजूत घालून झाली, पण पाय काही ऐकत नाहीत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गाड्या रंगवत. वलवणच्या रस्त्याला जांभळाच्या सावलीत आमची पत्र्याची शेड होती. हवा खायला आलेल्या मंडळींच्या, घाटात खरचटलेल्या गाड्या तिथे यायच्या आणि नव्या होऊन जायच्या. मी पुण्याला राहून बी. ए. झाले होते, नोकरी मिळत नव्हती, आणि घरात बसून उसासे टाकण्यापेक्षा पॉलिशपेपर घासणं बरं, म्हणून अण्णांच्या हाताखाली उभी राहायची. माझी बोटं बारीक, त्यामुळे कडाकोपऱ्यांचं काम माझ्याकडे असे. एवढी शिकलेली मुलगी गाड्या काय घासते, असं आळीतल्या बायका आईला विचारायच्या. आई त्यांना चहा पाजून वाटेला लावायची.

अशाच एका सकाळी कोंडिबाभाऊ जीप घेऊन आले. पवनानगरच्या पलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या एका वस्तीवरचे हे शेतकरी. चांगली जमीन पाण्याखाली गेली, उरलेल्या तुकड्यात भागेना, म्हणून सरकारी लिलावातली ही जुनी जीप त्यांनी सवारी भरायला घेतली होती. गाडी फिकट राखाडी, उन्हाने विटलेली, आणि तिच्या दोन्ही दारांवर ताटाएवढा, टोक खाली केलेला लाल त्रिकोण. जाड प्लास्टिकचा, मागून डिंकाने घट्ट चिकटवलेला.

कुटुंबनियोजनाची ती खूण. त्याआधी कितीतरी वर्षं ती दवाखान्यांच्या आणि एस. टी. स्टँडच्या भिंतींवर होती आणि कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. मग आणीबाणीतलं, सक्तीच्या नसबंदीचं ते एक वर्ष आलं. त्रिकोणाची जीप गावाच्या वेशीला दिसली की ‘ऑपरेशनवाली गाडी आली’ अशी हाक उठायची, हातातलं औत तसंच टाकून माणसं डोंगर जवळ करायची, आणि बाया पोरांना काखोटीला मारून कारवीच्या झुडपांत शिरायच्या. त्यातलं खरं किती आणि ऐकीव किती, हे कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि भीतीला त्याची गरजही नव्हती. माझंच सांगते. मी चार पुस्तकं वाचलेली मुलगी, पण एकदा अशी जीप आमच्या रस्त्याने गेली तेव्हा दाराला कडी घालायला आईच्या आधी मी धावले होते.

कोंडिबाभाऊ शेडच्या दारातच उकिडवे बसले. पाणी प्यायले नाहीत. जमिनीकडे बघत म्हणाले, “माजी लेक हौसा बाळंतपनाला आलीया. गाडी अंगनात उबी केली आन् पोर मागल्या दारानं पळाली. गोठ्यात गव्हानीच्या मागं दडून बसलीवती.”

आदल्या वर्षी हौसाला पाचवा महिना असताना तिच्या सासरच्या गावात अशीच जीप आली होती. पळताना ती बांधावरून पडली आणि पोटातलं मूल गेलं. आता पुन्हा दिवस भरत आले होते, आणि वस्तीवरच्या सुईणीने पोटावर हात फिरवून सांगितलं होतं की मूल आडवं आहे, हे घरी उरकायचं काम नाही, पोरीला लोणावळ्याच्या दवाखान्यात न्या. वस्तीपर्यंत एस. टी. येत नव्हती. बैलगाडीने दुधिवऱ्याची खिंड चढायची म्हणजे तिच्या अवस्थेत जिवाशी खेळ. राहता राहिली ही जीप.

“आन् ती म्हनती, मरंन पर त्या गाडीत बसायची न्हाई,” भाऊ म्हणाले. “अण्णा, तेवढं पुसून द्या. लय उपकार व्हतील.”

अण्णांनी जीप उन्हात घ्यायला लावली. डिंक मऊ पडावा म्हणून आम्ही दारं दुपारपर्यंत तापू दिली, मग गरम पाण्याच्या फडक्यांनी शेकली, आणि मी कडेखाली नख घालून तो त्रिकोण इंचाइंचाने सोडवू लागले. पातं लावायचं नाही, रंग फाटतो, हे अण्णांचं पहिलं बजावणं. प्लास्टिक सुटताना चरचर आवाज करत होतं, आणि तो आवाज मला अजिबात आवडत नव्हता. दारामागे कोणीतरी बसलं आहे आणि मी त्याला उठवते आहे, असं काहीतरी वेडंवाकडं मनात येत होतं. खाली राहिलेला डिंक रॉकेलच्या बोळ्याने पुसला, साबणाच्या पाण्याने दार धुतलं, फडक्याने कोरडं केलं, आणि मागे सरून पाहिलं.

त्रिकोण तिथेच होता. लाल नव्हता एवढंच. फिकट राखाडी दारावर गडद, निळसर राखाडी रंगाचा, ताज्या धुतलेल्या कापडासारखा स्वच्छ त्रिकोण, कडा आधीपेक्षाही रेखीव. मी अण्णांना हाक मारली. अण्णा शांतपणे म्हणाले, “यात भुताटकी नाही, बाई. प्लास्टिकखाली ऊन लागलं नाही. गाडीचा मूळ रंग हा. विटलं आहे ते बाकीचं दार.” हे ऐकून मला धीर यायला हवा होता. उलट मी त्या निळसर, न बिघडलेल्या तुकड्याकडे पाहत राहिले आणि जास्तच घाबरले. सबंध गाडीवर जी एकच जागा कोवळी राहिली होती, नेमकी तिचीच भीती घालवायला आम्ही बसलो होतो.

मग आम्ही मिटवण्याच्या मागे लागलो. रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासायची खरखरीत लुगदी, लावून सबंध दार घासलं, विटका थर निघेल तितका काढला. त्रिकोण पुसट झाला पण गेला नाही. पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने कडा उतरवल्या, माझ्या बोटांची सालटी निघाली. शेवटी अण्णांनी रंग मिसळला, उन्हात वाळवून वाळवून नमुने पाहिले, आणि दोन्ही दारं पूर्ण रंगवून काढली. भर दुपारी दार एकसंध दिसे. पण संध्याकाळी ऊन तिरपं झालं, मी टायरशेजारी बसून खालून वर पाहिलं, आणि नव्या रंगाच्या आतून ती कड पुन्हा उमटलेली दिसली. केसाएवढा उंचवटा, दुसरं काही नाही. तो घालवायचा तर पत्र्यापर्यंत खरवडायला हवं, पुट्टी भरायला हवी, प्रत्येक थर नीट वाळायला हवा, आणि हौसाचं पोट तेवढं थांबणार नव्हतं.

अण्णांनी भाऊंपासून काही लपवलं नाही. वाकून बघायला लावलं. भाऊंनी बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, “बाकी कुनाला दिसायचं न्हाई. तिला दिसंल. तिला त्ये डोळं मिटल्यावर बी दिसतंया.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, तुमी चला संगं. बाईमानूस असलं म्हंजी ती जरा दमानं घेईल.”

आईने नको म्हणून पाहिलं. मलाही नकोच होतं. पण मी निघाले, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही खिंडीकडे वळलो. सकाळचं दाट धुकं पवनेच्या पाण्यावरून वर येत होतं. तुंग आणि तिकोना हे किल्ले त्यात कुठे हरवले होते कोण जाणे. उतारावरची भातं ओंब्यांनी वाकली होती, एरवी मी गाडी थांबवायला लावून पाहिली असती अशी. वाटेतल्या एका खाचरात दोन बाया बांध साफ करत होत्या. जीपचा आवाज येताच दोघींनी विळे टाकले आणि मागे न बघता त्या झाडीत शिरल्या. सरकार बदलून किती महिने झाले होते, पण त्यांचे पाय अजून त्याच वर्षात होते. भाऊंनी गाडी तशीच पुढे काढली. मीही पुढे बघत राहिले.

वस्ती म्हणजे पाच-सहा घरं. हौसा अंगणातच उभी होती, एक हात कमरेवर, दुसऱ्याने पडवीची मेढ धरलेली. पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. चेहरा मेणासारखा पडलेला. तिची आई बाजूला उभी राहून नुसती पदराचं टोक चावत होती. भाऊ उतरले आणि उसन्या उत्साहाने म्हणाले, “बग पोरी, पुसलं सारं. नवी गाडी झाली.”

हौसाने दाराकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. धुक्याचं दंव सबंध दारावर बारीक थेंबांनी बसलं होतं, पण जिथे खालचा रंग निराळा होता तिथे थेंब निराळे धरले होते. टपोरे, दाट. टोक खाली केलेला त्रिकोण पाण्याने काढून ठेवला होता. शेडमध्ये मी सगळ्या तऱ्हेच्या उन्हात ते दार पाहिलं होतं, धुक्यात पाहायचं मात्र कोणालाच सुचलं नव्हतं. मी पुढे होऊन पदराने ते पुसलं. माझ्या पाठीमागे कोणीतरी हुंदका दिला, ती हौसाची आई होती. हौसा मेढ सोडून एक पाऊल मागे सरली, गोठ्याच्या दिशेने. तेवढ्यात कळ आली आणि ती तिथेच वाकली.

त्या क्षणी मला वाटलं की ही बाई आता इथे, आमच्या डोळ्यांदेखत मरणार. दुसरं काहीही मनात नव्हतं. 

कळ ओसरली. हौसाने मान वर केली आणि दम लागलेल्या आवाजात बापाला म्हणाली, “आबा, दार काडा.”

“आं?”

“दारं काडून हितं ठिवा. मी बिगरदाराच्या गाडीत बसंन.”

आम्ही तिघंही, म्हणजे भाऊ, मी आणि शेडमध्ये बसलेले अण्णा, किती दिवस त्या दारांशी झटत होतो. जीपची दारं बिजागरीच्या खिळीवर असतात, खिळी ठोकली की दार हातात येतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. अण्णांनी तर रंगवायला ती दोनदा उतरवली होती. पण रंगाच्या घरात रंगाचाच उपाय सुचतो. भाऊंनी हातोडी आणली, दोन्ही दारं निघाली, आणि हौसानेच सांगितल्याप्रमाणे ती अंगणात पालथी घातली गेली. मग ती बसली.

परतीच्या प्रवासाची आठवण मी शक्यतो काढत नाही. मागे हौसाची आई तिचं डोकं मांडीवर घेऊन, आणि उघड्या बाजूला मी, एका हाताने लोखंडी दांडा धरून, पाठ बाहेरच्या दरीकडे करून बसलेली. प्रत्येक खड्ड्याला हौसाचा हात माझं मनगट दाबायचा. वळणावर माझ्या पाठीमागची हवा एकदम गार व्हायची, म्हणजे खाली काही नाही हे कळायचं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. भीती मलाही होती, तिलाही होती, आणि कोणाचीच कमी होत नव्हती.

दवाखान्याच्या आवारात गाडी थांबली. समोरच्या भिंतीवर, पुरुषभर उंचीचा, तोच त्रिकोण रंगवलेला होता. मी इथलीच, त्या भिंतीसमोरून हजारदा गेलेली, पण ते मला आठवलं नव्हतं. हौसाने तो पाहिला. ही भिंत कोण उतरवून ठेवणार होतं? भाऊ हताशपणे माझ्याकडे बघू लागले. हौसा मात्र उतरली. तिने पदर डोळ्यांवर ओढून घेतला, माझा खांदा धरला आणि म्हणाली, “चल. किती पावलं हायती त्येवडं सांग.” मी तिला नेलं. दारापाशी नर्सने तिला माझ्याकडून घेतलं. पोट फाडून मूल काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यांच्या तोंडून ‘ऑपरेशन’ हा शब्द आला तेव्हा आत हौसा किंचाळल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

दुपार कलल्यावर मुलगी झाली. जिवंत, लाल, रागावलेली. भाऊ भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले, आणि मीही रडले, कारण सकाळपासून पहिल्यांदा कोणी माझ्याकडून काही मागत नव्हतं.

हौसाला शुद्ध आली तेव्हा तिची आई बाळाजवळ होती आणि खाटेपाशी मी होते. तिने बाळ कुठे आहे, कसं आहे, काही विचारलं नाही. ओठ कोरडे पडले होते, ते हलवून तिने मला जवळ बोलावलं.

“माज्या पोटात आनकी काय केलं का गं त्यांनी? मला फुडं पोरं व्हतील ना?”

डॉक्टरांनी होतील म्हणून सांगितलं होतं. ते बरे वाटले होते, खोटं बोलणारे वाटले नव्हते. पण मी आत नव्हते. दार बंद होतं, आणि त्या दाराबाहेरच्या बाकावर मी सगळा वेळ बसून होते. त्या वर्षाने आम्हाला कोणाच्या कोणत्या शब्दावर विसंबायचं हेच कळेनासं करून टाकलं होतं, आणि आता माझा शब्द कोणीतरी मागत होतं.

“हो,” मी म्हणाले.

हौसा माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. खूप वेळ. मी नजर हलू दिली नाही.