न्हायची पिशवी

गिऱ्हाईक टांग्यापाशी येऊन तोंड उघडायच्या आत त्याला कुठं जायचंय ते चाचा सांगून मोकळे व्हायचे. हातात पितळेचा डबा आणि बगलेत घडी केलेली चादर दिसली, की "थोरला दवाखाना. बसा." धुतलेली टोपी, खिशात कागदांची सुरळी आणि झोप उडालेला चेहरा, की "कोर्ट. तारीख हाय न्हवं? बसा." पत्र्याची ट्रंक, रडून सुजलेले डोळे आणि शेजारी गप्प उभा नवरा दिसला, की "एस्टी. सासरला निघालीया पोरगी. बसा, रुमाल घ्या." मी शेजारी उभी राहून दोन महिने हे पाहिलंय. पुण्याच्या माणसांच्या बाबतीत मात्र ते हमखास चुकायचे. "त्यांच्या तोंडावर कायच लिवल्यालं नसतंय," असं त्यांचं म्हणणं.

रेल्वे फाटकाजवळच्या टांगा अड्ड्याचे ते म्होरके. खरं नाव कुणाला ठाऊक असेल तर असेल, सगळं कोल्हापूर त्यांना चाचा म्हणायचं. उंच, सडसडीत, मेंदी लावलेली दाढी, आणि आवाज असा की पलीकडच्या फलाटावरचा हमाल वळून बघे. त्यांच्या घोडीचं नाव बिजली. वीज काय ती नावातच. ती मनात येईल तेव्हा चाले, मनात येईल तेव्हा थांबे, आणि चढ दिसला की पाय रोवून उभी राही. चाचा तिला चाबूक लावत नसत. "बाईमाणूस हाय, तिला तिचं मत असणार की," असं म्हणून विडी पेटवत.

मी तेव्हा आकडेवारीचा विषय घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि शहरातल्या बसचे मार्ग आखायच्या कचेरीत नुकतीच चिकटलेली. सगळ्या कचेरीत मी एकटी बाई. त्यामुळे नाकावर राग कायम असायचा, तो अजून उतरलेला नाही असं घरचे म्हणतात. आमच्या साहेबांनी मला एक छापील तक्ता दिला आणि चौकाचौकात उभं करून लोकांना विचारायला लावलं, "बसनं कुठं जायला आवडेल?" आता ऐका गंमत. म्हाताऱ्यांनी सांगितलं, देवीला. तरण्यांनी सांगितलं, देवीला. खासबागेत कुस्ती बघायला निघालेले चार पैलवानसुद्धा म्हणाले, देवीला! साहेबांनी त्यावरून पट्टीनं रेघा मारून मार्ग काढले, ते सगळे जाऊन देवीच्या महाद्वारात आपटत होते. तो नकाशा बघून कोल्हापूरच्या माणसांना दर्शनाशिवाय दुसरा उद्योगच नाही असं वाटावं.

तक्ते भरत फाटकाजवळ उभी होते, तेव्हा चाचांनीच हाक मारली. "काय पावणं, सकाळपासनं काय लिवायलाय?" मी सांगितलं. ते हसायला लागले, आणि त्यांचं बघून सगळा अड्डा हसायला लागला. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"बाईसाहेब," चाचा म्हणाले, "देवीला माणूस चालत जातंय. आमची घरवाली बी नवस बोलली तवा चालतच गेलती. टांगा करतंय ते अडलं म्हणून. आन् तुम्ही भर रस्त्यात कागद घिऊन इचारताय, तर कोण सांगंल, सख्ख्या भावाशी भांडायला कोर्टात चाललोय म्हणून?"

मी तक्ता मिटला आणि त्यांच्याच टांग्याच्या पायरीवर बसले. मग कुठं कामाला सुरुवात झाली.

शहरात तेव्हा पाच अड्डे होते. चाचांनी ठरवलं की प्रत्येक टांगेवाल्यानं गिऱ्हाईक उतरवून परतलं की अड्ड्यावर त्याची खूण टाकायची. लिहिता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून धान्य. दवाखान्याला ज्वारीचा दाणा, कोर्टाला हरभरा, एस्टीला शेंगदाणा. पहिल्या आठवड्याचे आकडे घ्यायला मी गेले, तर कोर्टाला कोणी गेलंच नव्हतं! एवढ्या भांडकुदळ गावात हे कसं शक्य आहे, म्हणून मी चौकशी केली. सगळे हरभरे घोड्यांनी खाल्ले होते. एस्टीचे शेंगदाणे टांगेवाल्यांनीच फस्त केले होते. दवाखाना तेवढा शाबूत होता. चाचांनी सगळ्यांना चार शिव्या हासडल्या, मग माझ्याकडं बघून कान पकडले, आणि दुसऱ्या दिवशी घरवालीकडून रंगीत चिंध्यांच्या पिशव्या शिवून आणल्या. आता सगळीकडं चिंचोके. लाल पिशवी दवाखान्याची, पांढरी कोर्टाची, हिरवी एस्टीची. चिंचोका कच्चा कुणी खात नाही.

टांगेवाले सहजी तयार झाले नव्हते. त्यांच्यात दत्तू म्हणून एक आडदांड गडी होता, तो तोंडावरच म्हणाला, "आम्ही कुठनं कुठं जातो ते सांगायचं, आन् त्याच रस्त्यानं हे बस घालणार. आम्ही खायचं काय?" चाचांनी छातीवर हात ठेवला. "दत्तू, माझी जबान हाय. ह्या मोजणीनं कुणाची भाकरी जायची न्हाय." चाळीस माणसं त्या एका शब्दावर चिंचोके टाकायला लागली. मीही मान डोलावली होती. तेव्हा मला वाटलं, त्यात काय एवढं.

महिन्याभरानं पिशव्या घेताना पाहिलं, तर प्रत्येक अड्ड्यावर एक काळी पिशवी जास्तीची. "ही कसली?"

"न्हायची," चाचा म्हणाले. "ज्याला आम्ही न्हाय म्हटलं, जमत न्हाय म्हटलं, त्याचा चिंचोका हिच्यात."

मी वैतागले. जे टांग्यात बसलेच नाहीत, त्यांना मोजून काय करायचं? तसं मी म्हटलंही, जरा फणकाऱ्यानंच. चाचा शांतपणे बिजलीच्या मानेवरून हात फिरवत होते. "बसलेल्याचं काय, ते पोचलंच की. न्हाय बसलं ते कुठं गेलं, ते इचारा."

इतर अड्ड्यांच्या काळ्या पिशव्या जवळजवळ रिकाम्या होत्या. फाटकावरची, म्हणजे चाचांचीच, तोंडापर्यंत भरलेली. फाटकापलीकडं दगडखाण होती आणि तिच्या वर चढावर एक वसाहत झाली होती. खाणीत आणि फौंड्रीत राबणारी माणसं. आमच्या नकाशात तिथं नुसता हिरवा रंग होता. तो चढ एकही घोडा चढत नव्हता.

"ह्यातलं निम्मं चिंचोकं माझंच हाईत," चाचा एकदा आपणहून म्हणाले. नेहमीचा गडगडाट आवाजात नव्हता. "एक बाई आलती. तापानं फणफणल्यालं पोरगं वर घरात, आन् ही खाली धावत आलती टांगा न्यायला. बिजली चढायची न्हाय, मी न्हाय म्हटलं. ती मागारी गेली, पोराला पाठीवर घिऊन माझ्याच म्होरनं दवाखान्याला चालत गेली. फुडं काय झालं, ठावं न्हाय. इचारायची हिंमत झाली न्हाय, बाईसाहेब." त्यांचे डोळे भरले होते. मी त्या माणसाला हसताना, ओरडताना, गाताना पाहिलं होतं. असं कधी नाही.

मी सगळ्या पिशव्यांचे आकडे टंकून साहेबांना दिले. साहेबांनी लाल, पांढरी, हिरवी तेवढी पाहिली आणि खूश होऊन पहिल्या बसचा मार्ग आखला. एस्टी स्टँड, कोर्ट, थोरला दवाखाना. बरोबर टांग्यांचाच रस्ता! काळ्या पिशवीचा कागद त्यांनी मला परत दिला. "हे प्रवासी नाहीत," म्हणाले.

कचेरीतली बातमी अड्ड्यावर पोचायला कितीसा वेळ लागतो? मी गेले तेव्हा दत्तू चाचांच्या समोर उभा होता. "तुमच्या जबानीवर चिंचोकं टाकलं आम्ही. पोटावर पाय दिलासा की आमच्या!" टांगेवाले एकेक करून पिशव्या आणून त्यांच्या पायाशी टाकत होते. मला बघून चाचा एवढंच म्हणाले, "तुम्ही जावा, बाईसाहेब. तुमचा काय दोष न्हाय." दोष नाही कसा? त्या जबानीला मीच मान डोलावली होती. लाजेनं मला जमीन दुभंगावी असं झालं.

मी ती काळी पिशवी उचलली, तडक कचेरीत गेले, आणि साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या त्या देखण्या नकाशावर पालथी केली. चिंचोके घरंगळत चहाच्या कपात गेले. साहेब ओरडले, "हे काय आहे?"

"माणसं आहेत, साहेब," मी म्हटलं. "तुमच्या हिरव्या रंगात राहतात." नोकरी गेली असं धरूनच चालले होते, त्यामुळे आवाज चांगला खणखणीत लागला.

साहेब तसे वाईट नव्हते, पुण्याचे होते इतकंच. ते म्हणाले, टांगेवाल्यांनी बस आपल्या रस्त्यावरून दुसरीकडं वळवायला मूठभर चिंचोके जास्त टाकले नसतील कशावरून? प्रश्न रास्त होता. चाचांनी त्यावर एकच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा कचेरीच्या दारात लावला. "साहेब, बसा. खाणीवर जाऊन येऊ."

बिजलीनं त्या दिवशी इमानाला जागून काम केलं. चढाच्या पायथ्याशी आली आणि पाय रोवून उभी राहिली. चाचांनी चुचकारलं, साहेबांनी चुचकारलं, गूळ दाखवला. गूळ खाल्ला आणि उभीच. "आता चालायचं," चाचा म्हणाले. कडक उन्हात साहेब तो चढ चढले, दोनदा दगडावर टेकले, बुटात खडा गेला. अर्ध्या वाटेत वरून चौघेजण एका म्हातारीला बाजेवर घालून उतरताना दिसले. साहेबांनी विचारलं, "कुठं?" त्यांनी चालता चालताच सांगितलं, "थोरल्या दवाखान्याला." साहेब बाजूला सरकून उभे राहिले, बाज दिसेनाशी होईपर्यंत. मग टोपी काढून घाम पुसला आणि मला म्हणाले, "त्या काळ्या पिशवीचा कागद पुन्हा टंकून द्या."

परतताना चाचा माझ्या कानाशी लागले. "आज पहिल्यांदा साहेबाच्या तोंडावर लिवल्यालं वाचता आलं बघा."

पहिली बस चढ चढून खाणीवरच्या वसाहतीत आणि तिथून मागच्या रस्त्यानं थेट थोरल्या दवाखान्याला गेली. टांग्यांच्या रस्त्याला तिनं हात लावला नाही. त्या दिवशी चाचा जरीची टोपी घालून पहिल्या बाकावर बसले होते, आणि दत्तूनं ड्रायव्हरच्या गळ्यात हार घालायच्या ऐवजी चाचांच्याच गळ्यात घातला. "जबानीचा माणूस हाय आमचा!" असं तो येईल त्याला ओरडून सांगत होता. बस चढ चढायला लागली तेव्हा चाचांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून खाली पायथ्याशी उभ्या बिजलीला हाक मारली, "बघ, बघ जरा! शिक कायतरी!"

पुढं टांगे गेलेच. पण बसनं नाही, रिक्षानं. "बसशी भांडत बसलो, आन् खाल्लं रिक्षानं," असं म्हणून चाचा खो खो हसायचे. दत्तूनं स्वतःच रिक्षा घेतली. बिजली म्हातारी होऊन गेली, तेव्हा चाचा आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. मी तोवर आकडेवारीच्या टेबलाची मुख्य झाले होते. माझ्या प्रत्येक तक्त्यात शेवटी एक रकाना असायचाच, नाकारलेले प्रवासी. नवे साहेब येत, विचारत हे कशाला, आणि मी त्यांना एकदा उन्हात फिरवून आणत असे.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी चाचा कचेरीचा जिना चढून आले. गुडघे पार गेलेले. खुर्चीत बसले, दम खाल्ला, आणि खिशातून एक चिंचोका काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"गुडघं दावायला दवाखान्यात आलतो. घरी जायाला रिक्षा बघिटली. गल्ली बारीक, अंतर जवळचं. तिघांनी न्हाय म्हटलं. त्यातलं एक आपल्या दत्तूचं पोरगं. वळखलं न्हाय त्यानं." आणि ते हसले, तसंच गडगडाटी. पलीकडच्या टेबलांवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. मला मात्र हसता येईना.

"तीन चिंचोके हवेत मग, चाचा," मी कसंबसं म्हटलं.

"अगं लेकी, तू शिकल्याली न्हवं? न्हाय किती का म्हणंनात, गिऱ्हाईक एकच हाय. एकच लिव."

मी लिहिलं. त्यांच्यासमोर, शाईनं. ते वाकून रकाना बघत होते, जणू वाचता येतंय. मग खाली जाऊन मी त्यांना वसाहतीच्या बसमध्ये बसवून दिलं. आता ती फाटकावरून, चाचांच्या गल्लीच्या तोंडावरून जायची. कंडक्टरनं उठून स्वतःची जागा दिली.

त्या पावसाळ्यात चाचा गेले. चिंचोका माझ्याकडं आहे, देवघरात निरांजनाशेजारी. सुना विचारतात, हा कशाला? मी सांगत नाही, खेकसते. त्या वर्षीचा अहवाल कचेरीच्या कुठल्यातरी कपाटात असेल. त्यात शेवटच्या रकान्याखाली जो आकडा आहे, त्यातले एक चाचा आहेत. बाकीचे कोण होते, ते मला माहीत नाही.