माहेरी परत नेलेला गुंड

अठ्ठावीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. शेवटची काही वर्षं शिकवण्यापेक्षा माहिती भरण्यातच गेली. आज पोषण आहाराची, उद्या शौचालयाची, परवा मतदार यादीची, आणि सगळी आजच्या आज. मुलं समोर बसून राहायची आणि मी मोबाईलमध्ये डोकं घातलेलं. थकले होते. कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण मी आजारी नव्हते, घरात भांडण नव्हतं, मुलगी लग्न होऊन नागपूरला सुखात होती. नवऱ्याने बँकेतून आधीच स्वतःला सोडवून घेतलं होतं. त्याला जग पाहायचं होतं. मला नुसतं कुठेतरी बसायचं होतं. दोन वर्षं परदेशात काढायची, एकेका गावी महिना-दोन महिने राहायचं, असं त्याने ठरवलं आणि मी हो म्हटलं, नोकरी सोडली. बसायला तिथेही जागा असेलच, एवढाच माझा विचार.

आमच्या रिसोड गावात बातमी पसरली तेव्हा लोकांनी आपापल्या सोयीचा अर्थ लावला. श्रीलंका, थायलंड अशी नावं ऐकून आमच्या वस्तीत सगळ्यांना वाटलं, आम्ही बुद्धाच्या देशांना चाललो. विहारात वंदना झाली, शाल दिली, एका आजोबांनी माझ्या हातावर हात ठेवून 'आमच्या वाटचंही पाहून ये' असं सांगितलं. मी खरं सांगितलं नाही. थकलेली माणसं खोटं बोलत नाहीत, ती फक्त दुरुस्त करायचा कंटाळा करतात.

घर भाड्याने द्यायचं होतं, म्हणून ते रिकामं करायला घेतलं, आणि त्यात माझा उरलासुरला जीव गेला. कपाट, दिवाण, गाद्या यांचं काही नाही, ते कुणीही नेतं. भांडी कुणी नेईना. आमच्याकडे लग्नाच्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. ताट घेतलं की त्यावर मावसासरे, तांब्या घेतला की त्यावर नवऱ्याच्या ऑफिसातले कुणी. शेजारीण परात उलटी करून वाचायची आणि खाली ठेवायची. 'दुसऱ्याच्या नावाचं कायले घेऊ मॅडम?' म्हणायची. तिचंही बरोबरच होतं. चार-पाच दिवसांनी मी नावं वाचायचंच सोडून दिलं. लहान भांडी मोडीत घातली आणि मोठी जऊळक्याला दादाकडे द्यायची ठरवली. दादा माझा मोठा भाऊ. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे तोच. सोयाबीनच्या सोंगणीला त्याच्याकडे मजूर असतात, मोठी भांडी कामी येतील, असा माझा हिशेब. दोन पराती, एक पातेलं आणि पाणी भरायचा एक पितळी गुंड, असं सगळं जीपमध्ये घालून मी गेले.

वहिनींनी भांडी ओसरीवर उतरवून घेतली. गुंड हातात फिरवता फिरवता त्या काठाशी थांबल्या आणि दादाकडे बघितलं. त्याने मला जेवायला बसवलं, स्वतः वाढलं, शेतातल्या गोष्टी केल्या. निघताना मात्र तो रस्त्यापर्यंत आला नाही. एरवी जीप हलेपर्यंत उभा राहणारा माणूस. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

आम्ही निघालो त्या दिवशीही तो आला नाही. सोंगणी आहे, असा वहिनींचा निरोप आला.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, हे लिहितानाही मला संकोच वाटतो. श्रीलंकेत समुद्र होता, हिरवळ होती, मोठमोठे स्तूप होते. स्तूपासमोर मी हात जोडून उभी राहिले तेव्हा त्या आजोबांची आठवण आली, आणि पाच मिनिटांनी पाय दुखतात म्हणून मी खाली बसले. थायलंडमध्ये खोलीच्या न्हाणीत रोज दोघांचे कपडे धुणं, दोरी बांधायला जागा शोधणं, डाळ कुठे मिळते ते शोधणं. नवरा खुशीत. नकाशा घेऊन हिंडायचा, संध्याकाळी येऊन सगळं सांगायचा. मी ऐकायचे आणि मान हलवायचे. शाळेतही अधिकाऱ्यांसमोर अशीच मान हलवत होते. इतक्या दूर येऊन थकवा तसूभरही कमी झाला नव्हता, उलट आता त्याला कारणही उरलं नव्हतं.

आणि दादाचा फोन येणं बंद झालं होतं. माझ्या लग्नानंतर तो दर रविवारी सकाळी यायचा किंवा निरोप पाठवायचा, मोबाईल आल्यापासून फोन करायचा. एकही रविवार चुकला नव्हता. आता मी केला तर वहिनी उचलायच्या. तो वावरात गेला आहे, तो झोपला आहे, तो बाजाराला गेला आहे. दोन महिने मी हे ऐकलं. तिसऱ्या महिन्यात मी चिडले आणि त्यांना म्हटलं, "वहिनी, मले खरं सांगा. काय झालं?"

त्या म्हणाल्या, "बाई, तुमी गुंड काहून परत आणला?"

मला कळेना. "कोणता गुंड?"

"त्याच्यावर तुमच्या दादाचं नाव आहे. तुमच्या लग्नात यायनंच देल्ला होता. देलेला आहेर कोणी परत करते काय? संबंध तोडाचे असले तं करते."

रीत मला माहीत नव्हती असं नाही. आमच्या एका आत्याच्या सासरकडच्यांनी भांडण झाल्यावर लग्नातली भांडी बैलगाडीत घालून आमच्या दारात आणून उतरवली होती. एक शब्द बोलले नाहीत, भांडी ठेवली आणि गाडी वळवली. त्यानंतर आत्या आमच्या घरी कधी आली नाही. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन, दारातच उभी होते. आणि तेच मी माझ्या भावाला, त्याच्या ओसरीवर, हसत हसत करून आले होते. घासून घासून अक्षरं पुसट झाली होती, खरं आहे. पण बघितलं असतं तर दिसली असती. वहिनींना दिसली.

वहिनींना मी विनवलं, त्याला एकदा फोन द्या. त्या दुपारी त्यांनी व्हिडिओ लावून त्याच्या हातात दिला. दादाने तो नेहमीसारखा कानाला लावला. मला त्याचा कान आणि पांढरे झालेले कल्ले एवढंच दिसत होतं.

"दादा, मी पाहिलं नाही रे. कोणाचं नाव आहे ते मी वाचलंच नाही."

"माहं नाव वाचाले लागते काय?" तो म्हणाला. "तू नोकरी सोडली, मी काही म्हटलं नाही. घर सोडलं, देश सोडला, तरी काही म्हटलं नाही. मले वाटलं, मलेही सोडलं तुनं."

"नाही रे दादा. मी लय थकली होती. डोकं चालत नव्हतं. मी त्यासाठीच निघाली घरातून."

हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. नवऱ्यालाही असं सरळ सांगितलं नव्हतं. दादाचा कान तसाच दिसत राहिला. पलीकडे कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"थकली होती तं इथं याचं होतं, बाई," तो म्हणाला. "इतक्या दूर कायले गेली?"

मी रडले. पन्नाशी उलटलेली बाई परक्या देशातल्या खोलीत पलंगावर बसून हुंदके देते आहे, याची मला लाज वाटली नाही. रागही आला होता, स्वतःचाच. बारा-पंधरा कोसांवर एक माणूस होता, ज्याने मला काही न विचारता बसू दिलं असतं, आणि मी पासपोर्ट काढायला गेले.

नवरा बाहेरून आला तेव्हा त्याच्या हातात पुढच्या देशाच्या विमानांची यादी होती. मी म्हटलं, "तुम्ही एकट्याचंच तिकीट काढा. मी परत जाते."

तो म्हणाला, "अगं, रिसोडच्या घरात भाडेकरू आहेत."

"असू द्या," मी म्हटलं. "मी दादाकडे चालले."